निळं टोपडं

२०१८ च्या दिवाळीत लेक अमेरिकेहून आली. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झालं, फराळ झाला आणि तिनं पर्समधून एक कागदी पाकीट काढून माझ्या हातावर ठेवलं. आत तीस-पस्तीस बिया होत्या. करड्या, ठिपक्याठिपक्यांच्या, वेड्यावाकड्या, हुलग्याएवढ्या. मी म्हटलं, "अगं, हे बी आहे की तूर निवडताना बाजूला काढलेले खडे?"

ती हसली. म्हणाली, "ब्लूबॉनेट. आमच्या टेक्सासचं फूल. तुझ्या बागेत लाव."

'आमच्या टेक्सासचं' हे शब्द कानाला जरा खटकले, पण सणासुदीला कुठं बोलायचं म्हणून मी गप्प राहिले.

हे जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. अफजलपूरच्या या जुन्या घरात मी एकटी. मागच्या अंगणात आडाशेजारी एवढीशी बाग. जास्वंद, तगर, पारिजातक, कढीलिंब आणि सांडपाण्यावर वाढलेलं अळू. आईचे हात कशात तरी गुंतलेले असावेत, हा लेकीचा हेतू मला कळत होता. आणि त्यामागचा दुसरा हेतूही कळत होता. आधी तिकडचं फूल इकडे रुजवायचं, मग इकडच्या आईला तिकडे न्यायचं.

मी मूळची पंढरपूरची. लग्न होऊन इथं आले ती भीमेच्या पाण्यासारखी वरून खाली आले. आले तेव्हा कन्नडचा एक शब्द येत नव्हता. सासऱ्यांचं शिक्षण निजामाच्या राज्यातलं, त्यामुळे जमिनीचे जुने कागद उर्दूत. १९५६ साली हा भाग म्हैसूर राज्यात गेला. हे शिकले कन्नडमधून आणि त्यांनी शिकवलंही कन्नडमधूनच. माझं पत्र, पोथी आणि वाण्याची यादी मराठीत. एका कपाटात तीन लिप्या नांदत होत्या. इथं येऊन माझी जीभ कशी वळली ते मला माहीत आहे. म्हणून परक्या बीची मला भीती वाटली नाही. मलाही कुणीतरी असंच आणून लावलं होतं की!

लेकीनं मोबाईलवर फोटो दाखवले. मार्च-एप्रिलमध्ये तिथल्या हमरस्त्यांच्या कडा मैलोन्‌मैल निळ्या होतात. फुलाचा आकार तान्ह्या मुलाच्या टोपड्यासारखा. पूर्वी तिकडे वसाहत करायला गेलेल्या बायका उन्हासाठी जी टोपडी घालत, त्यावरून हे नाव पडलं म्हणे. १९०१ सालीच त्या राज्यानं याला आपलं फूल म्हणून मान दिला. मी फोटो बघत होते आणि एकदम ओरडले, "अगं, हा बघ आपला गलांडा!"

निळ्या फुलांच्या मागे लाल पाकळ्यांना पिवळी कड असलेली फुलं होती. आपण दसरा-दिवाळीला ज्याचे हार घेतो तोच गलांडा. लेकीनं सांगितलं, तो मूळचा तिकडचाच, त्याच माळावरचा. गैलार्डिया हे त्याचं शास्त्रीय नाव, एका फ्रेंच गृहस्थाच्या नावावरून पडलेलं. आपल्या फूलवाल्यांनी त्याचा गलांडा करून टाकला, आणि आज तो परका आहे असं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. ज्या झेंडूवाचून आपलं तोरण होत नाही तो मेक्सिकोचा. निशिगंधही तिकडचाच. मला धीर आला. म्हटलं, एवढे पाहुणे देवापर्यंत पोचले, आणखी एकाला काय जड आहे?

पण गलांडा वेगळा आणि ब्लूबॉनेट वेगळं, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

२०१९ च्या मृगात मी दहा-बारा बिया लावल्या. इथली रीतच ती. पहिला पाऊस पडला की पेरायचं. कपडे धुण्याच्या दगडाजवळ मऊ माती होती, तिथं टोचल्या. रोज सकाळी जाऊन बघायचं आणि रोज परत यायचं. आषाढ गेला, श्रावण गेला, मातीतून काही वर आलं नाही. पाऊस नसेल त्या दिवशी मी तांब्याभर पाणी घालायचे. शेजारचे अज्जा कुंपणावरून बघत असत. गाणगापूर आमच्याच तालुक्यात. गुरुचरित्रातली नरहरीची कथा इथं कन्नड घरांतही सगळ्यांना ठाऊक. कुष्ठ झालेल्या नरहरीला गुरूंनी औदुंबराचं वाळकं लाकूड दिलं, त्यानं ते संगमावर रोवून निष्ठेनं पाणी घातलं, लोक हसले, आणि शेवटी लाकडाला पालवी फुटली. अज्जा मला 'नरहरी' म्हणायला लागले. माझ्या लाकडाला काही पालवी फुटली नाही.

लेकीनं चौकशी करून कळवलं, "आई, याची साल फार कठीण असते. पाणी आत शिरतच नाही. पॉलिशपेपरवर घास आणि रात्रभर भिजत घाल. आणि पावसाळ्यात नाही, तिथली थंडी सुरू व्हायच्या आधी लाव."

दसऱ्यानंतर मी बारा बिया घासल्या. बोटांची सालटी निघाली, पण सकाळी बघते तो बिया फुगून दुप्पट झालेल्या. कुंड्यांत लावल्या आणि आठ-दहा दिवसांत नऊ कोंब वर आले. पानं तर काय सुरेख! एका देठावर पाच बोटं, उघडलेल्या तळहातासारखी, आणि पहाटे त्या तळहातात दवाचा एकच थेंब. मी हरखून गेले. रोज दोन वेळा पाणी घातलं. पंधराव्या दिवशी पहिलं रोप मानेत मोडल्यासारखं आडवं झालं. मग दुसरं. मग रोज एक. नवव्या रोपाच्या दिवशी मी कुंडीजवळच बसून राहिले. तेवढ्यात अज्जा आले. त्यांनी आडव्या पडलेल्या रोपाचा देठ चिमटीत धरून बघितला, माती बोटांनी दाबली आणि म्हणाले, "कडलिगि यार नीर हाकतार्री, बाई?"

हरभऱ्याला कोण पाणी घालतं, बाई?

मी चमकले. चाळीसहून अधिक वर्षं मी हरभऱ्याच्या मुलखात राहते. आमच्या काळ्या रानात रब्बीचं पीक पावसावर नाही, मातीत मुरलेल्या ओलीवर येतं. हस्त-चित्रा नक्षत्रांत ज्वारी, हरभरा टाकायचा आणि मग पिकानं आणि दवानं आपलं बघून घ्यायचं. अज्जांना इंग्रजी नाव ठाऊक नव्हतं, टेक्सास कुठं आहे ते ठाऊक नव्हतं. पण पान आणि बी बघून त्यांनी त्याची जात ओळखली. ब्लूबॉनेट हे हरभरा, तूर, हुलगा यांच्याच कुळातलं, शेंगेचं. तिकडेही ते थंडी सुरू व्हायच्या आधी उगवतं, थंडीभर जमिनीला चिकटून राहतं आणि ऊन वाढायला लागलं की फुलतं. म्हणजे आमच्या भाषेत सांगायचं तर रब्बीचं. मी ते खरिपात पेरलं आणि मग बागायती केलं. दोन्ही वेळा मारलं.

मग २०२० साल आलं. ते काय होतं ते कुणाला सांगायला नको. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि लेकीचं येणं थांबलं. रोज रात्री तिचा फोन. "आई, दूध आणायला तू जाऊ नकोस. आई, ताप नाही ना?" आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "हे सगळं निवळलं की तू इकडेच ये. कायमची. ते घर आता विकून टाकू."

ऑक्टोबरात भीमेला महापूर आला. नदीकाठची गावं उठवावी लागली, उभी तूर आणि ऊस पाण्यात गेला. आमच्या घरापर्यंत पाणी आलं नाही, पण रानांत चिखल इतका की हरभऱ्याची पेरणी लांबली. वाफसाच येईना. अज्जा रोज शेतावर जाऊन मातीचा गोळा करून बघायचे आणि मान हलवत परत यायचे. त्यांच्या वाफशाची मी वाट बघत राहिले. म्हटलं, यंदा त्यांची पेरणी होईल त्या दिवशी माझी.

तोवर आम्ही वाफा तयार केला. लेकीच्या मुलखातही आपल्यासारखीच काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी माती आहे. डॅलसपासून खाली लांबवर तिचा पट्टा जातो आणि त्यावर कापूसही होतो. शास्त्रज्ञ त्या मातीला आणि आपल्या रेगडाला एकाच गटात घालतात. पण हे फूल त्यातल्या पाणी धरून ठेवणाऱ्या चिकट रानापेक्षा चुनखडीच्या, निचऱ्याच्या उतारावर जास्त खुलतं. आता चुनखडीला आम्हाला कुठं लांब जायचं आहे! आमच्या जिल्ह्यातली शहाबादची फरशी साऱ्या महाराष्ट्राच्या माजघरांत आणि मोऱ्यांत बसली आहे, ती चुनखडीचाच दगड. अज्जांच्या मुलानं फरशीचा बारीक चुरा पोतंभर आणून दिला. काळी माती, मुरूम आणि शहाबादीचा चुरा मिसळून गुडघ्याएवढा उंच वाफा केला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अज्जांनी हरभरा पेरला आणि त्याच दिवशी मी उरलेल्या दहा बिया घासून, भिजवून लावल्या. एकदा पाणी घातलं आणि मग तांब्या आत ठेवून दिला. झाडाला पाणी न घालणं किती कठीण असतं ते बाईमाणसालाच कळेल.

सहा उगवल्या. दोन पाखरांनी उपटल्या, दोन गोगलगाईंनी खाल्ल्या. दोन राहिल्या. डिसेंबरभर त्या जमिनीला चिकटून, बशीएवढ्या होऊन नुसत्या बसल्या होत्या. मला वाटलं खुंटल्या. अज्जा म्हणाले, वर दिसत नाही ते खाली चाललं आहे. तेच खरं होतं. थंडीत या झाडाचं सोटमूळ सरळ खोल जातं. त्यामुळेच एकदा मूळ धरलं की ते उपटून दुसरीकडे लावलेलं त्याला सोसत नाही. लावायचं तिथंच पेरावं लागतं.

लेकीनं फोनवर हे मला वाचून दाखवलं आणि वाचता वाचता मध्येच थांबली. मीही काही बोलले नाही. घर विकायचा विषय त्या रात्री निघाला नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका रोपाच्या मध्यातून कळ्यांचा तुरा वर आला. आणि त्याच आठवड्यात टेक्साससवर बर्फाचं वादळ आलं. तुम्हीही वाचलं असेल. फेब्रुवारी २०२१ ची ती थंडी. पंचेचाळीस लाखांच्या वर घरांची वीज गेली. पारा दिवसेंदिवस गोठणबिंदूच्या वर येईना. लेक ऑस्टिनला. तिच्या घरी दोन दिवस वीज नाही, मग नळाला पाणी नाही. बर्फ वितळवून त्यांनी संडासात टाकलं. फोन चार्ज करायला जावई गाडीत जाऊन बसायचा. दिवसातून एकदा दोन मिनिटं बोलणं. "आई, आम्ही ठीक आहोत, नातीला चार रजया पांघरल्यात," एवढं बोलून बंद.

ज्या देशात मी सुरक्षित राहीन म्हणून ती मला नेणार होती, तिथं ती अंधारात, कुडकुडत बसली होती. आणि जिथं आईचं कसं होणार म्हणून तिला झोप लागत नव्हती, त्या अफजलपुरात मी फेब्रुवारीच्या उन्हात पापड वाळत घालत होते. शेजारून भाकरी येत होती, दिवसातून तीनदा कुणी ना कुणी हाक मारत होतं. तिला टोचावं म्हणून मी हे लिहीत नाही. पण कोणती जागा सांभाळते आणि कोणती नाही, हे नकाशावरून ठरत नाही, एवढं त्या आठवड्यात आम्हा दोघींना कळलं.

वीज आल्यावर तिनं व्हिडिओ कॉल केला. डोळे सुजलेले. मी काही न बोलता फोन घेऊन मागच्या अंगणात गेले आणि वाफ्यापुढे धरला. तुऱ्याची खालची फुलं उघडली होती. गडद निळी, आणि टोकाला कळ्यांचा पांढरा शेंडा. रोप वीतभरच होतं. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतला जिवाणू या झाडाला चालत नाही, त्याचा निराळा असतो आणि तो आमच्या मातीत बहुधा नव्हता. पण फूल पूर्ण होतं. पलीकडे लेक रडायला लागली. नात विचारत होती, "आजी, तुझ्याकडे कसं आलं?"

तीन आठवडे ते फुललं. प्रत्येक फुलाच्या वरच्या पाकळीवर पांढरा ठिपका असतो. फूल जुनं झालं की तो ठिपका जांभळट लाल होतो आणि मधमाश्या मग त्याकडे फिरकत नाहीत, पांढऱ्यावरच बसतात. आमच्या पारिजातकावरच्या माश्यांना हे कुणी शिकवलं होतं? अज्जा काठी टेकत रोज येत. त्यांनी त्याचं नाव ठेवलं 'नीली कुलावी'. कुलावी म्हणजे टोपडंच. कुणी न सांगता त्यांनाही तेच दिसलं.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

शेंगा धरल्या, वाळू लागल्या. याच्या शेंगा उन्हात तडकून फुटतात आणि बी लांब उडतं. त्याच सुमारास धुण्याच्या दगडाजवळ मला पाच बोटांचं एक पान दिसलं. २०१९ च्या मृगात लावलेलं, मेलं म्हणून सोडून दिलेलं बी दीड वर्षानं आपोआप उगवलं होतं. तिथल्या लहरी पावसाला हे झाड असंच तोंड देतं. सगळं बी एकाच वर्षी उगवू द्यायचं नाही, काही कठीण सालीत राखून ठेवायचं. आपला शेतकरी कणगीत बियाणं मागे ठेवतो तसं. मला कौतुक वाटलं, आणि पाठोपाठ पोटात गोळा आला.

कारण त्या दगडापलीकडे, कुंपणाच्या कडेनं, गाजर गवत माजलं होतं. तेही अमेरिका खंडातलंच. १९५० च्या दशकात पुण्यात ते लोकांच्या नजरेत भरलं. परदेशी गव्हाबरोबर आलं असं मानतात. तिथून त्यानं सारा देश व्यापला. रानं गेली, गुरांची कुरणं गेली, माणसांच्या अंगावर चट्टे उठले. त्याला खायला म्हणून १९८४ साली बंगळूरला मेक्सिकोचा भुंगा सोडावा लागला, तरी ते हटलं नाही. ब्लूबॉनेट तसं करील असं मी म्हणत नाही. पण त्याचंच एक उत्तर अमेरिकन भावंड न्यूझीलंडमध्ये बागेसाठी नेलं आणि ते नद्यांच्या पात्रांत असं पसरलं की वाळूत अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची जागा गेली. माझ्या अंगणाचं पाणी ओढ्याला जातं आणि ओढा भीमेला. शिवाय याच्या पाल्यात आणि बियांत विष असतं, आणि गल्लीतल्या शेळ्या कुंपण मानत नाहीत.

मी लेकीला विचारलं, "हे बी आणताना कुणाला दाखवलं होतंस?" ती गप्प झाली. मग दोघींनी मिळून शोधलं. २००३ सालच्या केंद्र सरकारच्या आदेशाप्रमाणे बाहेरचं बी आणायला आयातीचा परवाना आणि तिकडच्या सरकारचा वनस्पतींच्या आरोग्याचा दाखला लागतो. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. पर्समधलं एक पाकीट, एवढंच. ती प्रेमानं आणलं म्हणाली. मी म्हटलं, "तू प्रेमानंच आणलंस, मी हौसेनं लावलं. पण मातीला त्यातलं काय कळतं?"

शेंगा फुटायच्या आधी मी त्या एकेक करून खुडल्या. मोजून सव्वीस बिया निघाल्या. तिन्ही रोपं मुळासकट काढली. धुण्याच्या दगडाजवळची माती चाळून राहिलेलं बी शोधलं, सापडेल तेवढं. दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळीच्या बंबात सगळं घातलं. बिया तडतडल्या, मोहरीसारख्या. मी तिथंच बसून राहिले. अडीच वर्षांची मेहनत एका बंबाच्या पाण्यात गेली असं वाटलं, नाही कशाला म्हणू? अज्जांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "छलो आतु." बरं झालं. आणि पसाभर हरभरा आणून त्या वाफ्यासाठी दिला.

त्यानंतर दोन पावसाळे मी त्या कोपऱ्यावर लक्ष ठेवलं. एकदा एक पान उगवलं, तेही काढलं.

२०२३ च्या मार्चमध्ये मी लेकीकडे गेले. कायमची नाही, तीन महिन्यांसाठी, परतीचं तिकीट काढून. तिनंच काढून दिलं. घर विकण्याचं आता ती बोलत नाही. एका रविवारी आम्ही गावाबाहेर गेलो. रस्त्याच्या दोन्ही कडांना निळा पूर आला होता, भीमेच्या पुरासारखा, उतार भरून. त्यांच्याकडे रीतच आहे. वसंतात प्रत्येक घर आपल्या मुलांना त्या फुलांत बसवून फोटो काढतं. नातीला बसवलं, मग सगळे म्हणाले आजीला बसवा. मी लुगडं सावरून बसले. वीतभर नव्हे, गुडघाभर झाडं. कुणी पाणी घालत नव्हतं, कुणी सालं घासत नव्हतं. आपल्या मातीत होती, आपल्या जिवाणूंसह. माझ्या दोन रोपांची मला लाज वाटली नाही. पण त्यांना मी किती त्रास दिला ते कळलं.

जरा पुढे निळाईत एक लाल फूल होतं. पहिलाच गलांडा. मी त्याला हात लावला. नातीनं विचारलं, "आजी, याला काय म्हणतात?" मी सांगितलं. तिनं तीनदा म्हणून बघितलं, 'गलांदा, गलांदा', आणि तिसऱ्या वेळी तो 'ड' तिला बरोबर जमला.

परत निघायच्या आदल्या रात्री मी चपलांचे तळ घासून धुतले, लुगड्याचे काठ झटकले आणि पिशवीचे सगळे कप्पे उलटे करून बघितले. लेक दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "काय शोधतेस?" मी म्हटलं, "काही राहिलं नाही ना, ते."